पहिल्या बाजूनंतर

३ मार्च, सोमवार

गाणं सुरू व्हायच्या आधी पपांनी ते गाणं म्हटलं!

म्हटलं म्हणजे काय — नुसता हुंकार. पण सुरात. संध्याकाळी शाळेतून आले, पपांना सांभाळणाऱ्या मावशीला घरी जाऊ दिलं, चहा टाकला आणि खूप दिवसांनी रेकॉर्ड लावली. माशांची. (आमच्या घरात रेकॉर्डला तिच्या खऱ्या नावाने कधी कोणी ओळखलं नाही. कव्हरवर जे चित्र, ते नाव. माशांची, निळी, टोपीवाल्याची, जहाजाची.) पहिलं गाणं संपलं. मग दोन गाण्यांच्या मधे ती जागा असते ना, नुसती खरखर — त्या खरखरीत पपा म्हणाले, "हूंऽऽ". आणि पुढचं गाणं नेमकं त्याच सुरावर उठलं.

चहा उतू गेला. जाऊ दे.

ऑगस्टमध्ये अर्धांगाचा झटका आल्यापासून पपांच्या तोंडून एकही शब्द आलेला नाही. "ता" येतो. भूक लागली तरी ता, उशी टोचली तरी ता, आवडलं तरी ता. उजवा हात उचलून मांडीवर ठेवला तर तिथेच राहतो. डोळे तेवढे आपल्या मागे फिरतात. त्या डोळ्यांमागे किती समजतं, हे मात्र कोणी छातीठोकपणे सांगत नाही. डॉक्टर खांदे उडवतात.

योगायोग असेल. उद्या परत लावते.

४ मार्च, मंगळवार

योगायोग नाही. दुसरं, तिसरं, चौथं — प्रत्येक गाण्याच्या आधी. एकदाच चुकले, आणि तेव्हा मीच भांडी आपटत होते.

६ मार्च, गुरुवार

दादाचा फोन. मी हे सांगायला तोंड उघडलं, तर त्याचं भलतंच. त्या वृद्धांच्या सेंटरमध्ये खोली रिकामी होतेय. महिनाअखेर कळवायचं, नाहीतर दुसऱ्या कोणाला देतील. "चिमे, तू दिवसभर शाळेत. मावशी दिवसभर मोबाईलमध्ये. पपा दिवसभर भिंतीकडे तोंड करून. त्यापेक्षा तिथे नर्स आहे, व्यायाम करून घेणारा आहे."

मी म्हटलं, त्यांना इथलं सगळं ओळखीचं आहे. तर म्हणाला, "ओळखीचं-अनोळखी हे आपल्याला गं. त्यांना आता काही समजत नाही. आपण आपल्या समाधानासाठी धरून बसलोय."

फार शांतपणे म्हणाला. त्याचा हाच स्वभाव मला सहन होत नाही. भांडला असता तर मलाही भांडता आलं असतं.

सेंटर गेल्या महिन्यात आम्ही तिघं बघून आलो होतो. फिनेलचा वास. ओळीने खुर्च्या. व्हरांड्यात चार म्हातारे पत्ते कुटत होते आणि एक जण दुसऱ्याला चक्क फसवत होता. पपांची चाकाची खुर्ची तिथून हलवायला मला दोनदा ढकलावी लागली, ब्रेक लागला होता बहुतेक.

नाही पाठवायचं. एवढं नक्की. पण "नाही" म्हणायला हातात काहीतरी पाहिजे. पपांना समजतं — हे दाखवता आलं तर दादा गप्प बसेल.

८ मार्च, शनिवार

आज सुट्टी. दिवसभर प्रयोग!

आधी मोबाईल. माशांचीतलीच गाणी, पण उलटसुलट क्रमाने. पहिलं गाणं संपलं, पपांनी हुंकार दिला — अल्बमवरच्या पुढच्या गाण्याचा — आणि मोबाईलने तिसरंच सुरू केलं. पपांच्या कपाळावर आठी. पुढच्या वेळी परत तसंच. त्यानंतर त्यांनी मोबाईलच्या नादी लागणंच सोडलं.

मग सोनेरी. ही त्या वेळची गाजलेली गाणी निवडून काढलेली रेकॉर्ड. एकेक गाणं असं की गल्लीत कोणालाही येईल. पपांनी एकदाही हुंकार दिला नाही. मला आधी वाईट वाटलं, मग विचार केला — त्यात पुढचं काही नाहीच ना! एक गाणं संपतं, दुसरं लागतं, दोघांची ओळखदेख नाही. ठेशनावरची माणसं जशी.

मग निळी. निळीत एका बाईचा जाड आवाज आणि पियानो, बाकी कोणी नाही. लहानपणी मला ती रटाळ वाटायची. दादा तर तिच्यातलं एकच नाचरं गाणं ऐकायचा. सुई उचलून बरोब्बर तिथे टाकायचा, संपलं की परत तिथेच. त्या गाण्यावर अजून टकटक आवाज येतो, तो दादाचा. आज पहिल्यांदा मी निळी न उठता ऐकली. ते नाचरं गाणं तिसरं आहे. त्याच्या आधीची दोन इतकी अंधारी आहेत की तिसरं लागल्यावर कोणीतरी खिडकी उघडल्यासारखं होतं. दादाने आयुष्यभर नुसती खिडकी ऐकली, खोली ऐकलीच नाही.

हे दादाला ऐकवायचं नाही. म्हणेल, तुला पपांचं बघायचंय की गाण्यांचं?

दोन्ही. खरं सांगायचं तर दोन्ही. कुठला अल्बम अख्खा ऐकण्यासारखा आणि कुठला नाही, याला आता घरात एक परीक्षक मिळालाय. पपा जिथे हुंकार देतात तिथे एका गाण्याला दुसऱ्याची वाट बघायची सवय आहे. जिथे देत नाहीत तिथे नुसती भरती.

११ मार्च, मंगळवार

फिजिक्सवाल्या सरांना प्रयोगशाळेत सांगितलं. मी परीक्षानळ्या धूत होते, ते जर्नलं तपासत होते. म्हणाले, "तुम्ही आधी सुरात काही गुणगुणत नव्हता ना? नकळत?" मी चिडले. मग घरी येऊन तोंडात रुमाल धरून बसले. हुंकार आला.

मला बघून पपांच्या घशातून हसण्यासारखं काहीतरी आलं. तोंडात रुमाल धरलेली माणसं त्यांनी चाळीस वर्षं बघितली. दातांचे डॉक्टर ते! पेशंटच्या तोंडात आरसा, कापूस, दोन बोटं — आणि यांचे प्रश्न सुरू. "काय, मुलगी कितवीला? पाऊसपाणी कसं?" तो बिचारा आऽऽ आऽऽ. पपा त्यावर "असं होय" म्हणायचे आणि पुढचा प्रश्न. आई म्हणायची, तुमच्याइतकं छान एकतर्फी बोलणारं माणूस नाही.

आता आम्ही विचारतो आणि ते ता म्हणतात. आम्हीही "असं होय" म्हणतो.

१३ मार्च, गुरुवार

स्पीच थेरपिस्ट आली होती. मी तिला मनात शब्दवाली म्हणते. चुणचुणीत मुलगी आहे, पपांशी बोलताना आवाज चढवत नाही, हे मला आवडतं. तिच्यासमोर निळी लावली. तिसऱ्या गाण्याच्या आधी पपांचा हुंकार आला आणि तिची भुवई वर गेली.

म्हणाली, "बोलणं जातं तरी सूर कधीकधी राहतो. हे मी पाहिलंय. पण एकाचं संपताना दुसऱ्याची तयारी — हे छानच आहे, ताई."

मी म्हटलं, म्हणजे समजतं ना त्यांना?

"घाई नको. पाठ असलेलं पुढे सरकतं. पाढे म्हणताना आपण कुठे विचार करतो?"

खरं आहे तिचं. आणि मला ते अजिबात नकोय.

१४ मार्च, शुक्रवार

मावशीने मोबाईल उपडा ठेवून टोपीवाल्याची एक अख्खी बाजू ऐकली. "ताई, दुसरी बाजू उद्या लावता का?" — वा!

१६ मार्च, रविवार

दादा पुढच्या रविवारी येतोय. कागदपत्रं घेऊनच येईल, मला माहीत आहे. म्हणजे माझ्याकडे एक दुपार आहे.

कुठली लावायची? माशांची चांगली, पण छोटी. टोपीवाल्यात मधे नुसत्या टाळ्या. मला हुकमाचा एक्का पाहिजे. जहाजाचीच.

जहाजाची म्हणजे दोन रेकॉर्डींचा संच. एक बाई जहाजात बसून परमुलखात जाते, एवढीच गोष्ट, पण चार बाजू भरून. शाळेत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत मी ती किती वेळा लावली असेल, मोजदाद नाही. पपा दवाखान्यात, आई झोपलेली, दादा क्रिकेटला. मी आणि ती बाई. मला ती अशी पाठ आहे — पहिल्या बाजूला बंदर, निरोप, भोंगा. मग रेकॉर्ड उलटली की ती चक्क घरी परत आलेली! दार उघडते, सगळं तसंच आहे, आनंदीआनंद. मग दुसरी रेकॉर्ड लावायची — तर बाई परत समुद्रात, वादळात. आणि शेवटच्या बाजूला परक्या गावात भाड्याच्या खोलीत एकटी. तिथेच संपतं. मी दर वेळी रडायचे. एवढी घरी आली होती, मग परत गेली कशाला? घरात काय झालं? ते काही कोणी सांगत नाही. मला वाटायचं मोठं झाल्यावर कळेल. मोठी झाले, कळलं नाही.

पपा घरी गाणी फारशी ऐकायचे नाहीत, दिवसभर दवाखान्यात व्हायची म्हणून. पण जहाजाची त्यांचीच आवडती. दवाखान्यातूनच घरी आली ती.

त्यांच्यासमोर आत्ता लावणार नाही. आधी ऐकवून शिळी करायची नाही. रविवारी थेट.

१९ मार्च, बुधवार

सर म्हणाले, "रंगीत तालीम न करता प्रयोग? मुलांना मी शून्य देतो." त्यांना काय जातं म्हणायला.

२३ मार्च, रविवार

वाट लागली. सविस्तर लिहिते, म्हणजे निदान डोक्यातून बाहेर पडेल.

दादा जेवणाच्या आधीच आला. पपांच्या पाया पडला, त्यांची नखं कापली — हे तो नेहमी करतो, नीट, एकेक बोट हातात घेऊन. कागद पिशवीतून काढलेच नाहीत. जेवणं झाली. मी जहाजाची लावली आणि दादाला सांगितलं, आता गाण्यांच्या मधे बघ.

पहिली बाजू उत्तम गेली. भोंग्याच्या गाण्याआधी तर पपांनी असा खर्जातला हुंकार दिला की दादा खुर्चीत पुढे सरकला. मला वाटलं, जिंकले.

बाजू संपली. मी रेकॉर्ड उलटायला उठले तेवढ्यात पपांचा हुंकार आला. वरचा, ताणलेला सूर. मी रेकॉर्ड उलटून सुई टाकली, तर गाणं खालच्या सुरात, संथ. घरी परत आल्याचं. चुकले पपा. एक वेळ ठीक आहे म्हणून मी गप्प राहिले. पण ते गप्प राहीनात. "ता. ता. ता." मान जोरजोरात हलवायला लागले. मी म्हटलं, पपा, ऐका ना, तुमचं आवडतं. तर डावा हात लांब करून स्टुलावरच्या कव्हरला असा फटका मारला की कव्हर खाली आणि आतली दुसरी रेकॉर्ड घरंगळत पलंगाखाली. डोळ्यांत पाणी. चेहरा लाल. पुढच्या एकाही गाण्याआधी हुंकार नाही.

दादाने उठून सुई उचलली. पपांच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला बराच वेळ.

मग स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "चिमे, पाठ होतं तेवढं आलं. पुढचं पाठ नव्हतं, गोंधळले. पोपटालाही पुढचा शब्द येतो गं. समजणं वेगळं."

मी भांडी घासायला घेतली.

"आणि तू त्यांच्यावर प्रयोग करतेयस. त्यांना त्रास झाला आज. मला बघवलं नाही."

कागद जाताना टेबलावर ठेवून गेला. सह्या दोघांच्या लागतात.

२४ मार्च, सोमवार

काही लावलं नाही. पपांनीही प्लेअरकडे बघितलं नाही. मावशी म्हणाली, "आज शांत शांत." मी तिच्यावर उगाच खेकसले.

२६ मार्च, बुधवार

सापडलं! अरे देवा, सापडलं!

शाळेतून आल्यावर पसारा आवरत होते. पलंगाखालून दुसरी रेकॉर्ड काढली, धूळ पुसली, कुठे चरा पडला का म्हणून खिडकीशी धरली. मधल्या गोल कागदावर छापलंय — बाजू २. उलटी केली — बाजू ३. मनात म्हटलं, हे कसं? दुसऱ्या रेकॉर्डवर तीन आणि चार पाहिजे ना. प्लेअरवरची पहिली रेकॉर्ड काढली. एका अंगाला बाजू १. दुसऱ्या अंगाला बाजू ४.

एकीवर एक आणि चार, दुसरीवर दोन आणि तीन. छपाईची चूक वाटली आधी. मग दवाखान्यातलं मशीन डोळ्यांसमोर आलं आणि मी जमिनीवरच बसले.

दवाखान्यातला प्लेअर घरच्यासारखा नव्हता. त्याला मधे उंच दांडा होता. त्या दांड्यावर रेकॉर्डींची चळत लावून ठेवायची. एक वाजून संपली की वरून दुसरी आपोआप खाली पडायची, धप्प. मला तो धप्प फार आवडायचा, त्यासाठी मी दात किडवून घ्यायलाही तयार होते. पपांचे हात पेशंटच्या तोंडात, दर थोड्या वेळाने उठून रेकॉर्ड कोण उलटणार? म्हणून ते मशीन. आणि त्या मशीनसाठी हे संच असे छापायचे! वर पहिली बाजू, तिच्यावर पडणार दुसरी. मग दोन्ही रेकॉर्डी एकदम उचलायच्या, तशाच पालथ्या घालायच्या, की तीन आणि चार. मधे एकदाच उठायचं.

दवाखाना बंद केला तेव्हा मशीन विकलं. त्याच्या कितीतरी आधी हा संच घरी आला होता आणि मी घरच्या साध्या प्लेअरवर, आपल्या शहाणपणाने, रेकॉर्ड संपली की उलटून लावत बसले. एक, चार, दोन, तीन. सगळं लहानपण मी ही गोष्ट चुकीच्या क्रमाने ऐकली आणि त्या बाईवर रुसले!

पपा खुर्चीत. सगळं बघत होते. मी म्हटलं, "पपा, चुकले मी. परत लावते." घाईत सुई दोनदा निसटली.

पहिली बाजू. हुंकार, हुंकार, हुंकार. बाजू संपली. तोच वरचा ताणलेला सूर, रविवारचाच. मी पहिली रेकॉर्ड काढून दुसरी लावली, बाजू २. गाणं त्याच सुरावर उठलं. वादळ! पपांनी डोळे मिटले आणि मान मागे टेकवली.

दुसरी बाजू संपल्यावर मी थांबले. मुद्दाम. हात मागे बांधून उभी राहिले. पपांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं. मग डावा हात उचलला, तळवा वर, आणि सावकाश पालथा घातला. उलट.

याला पाठांतर कोण म्हणेल? पाठ असलेलं आपल्या आपण पुढे जातं. चुकीचं लागल्यावर "हे चुकलं" म्हणायला माणूस जागा असावा लागतो. रविवारी गोंधळले नव्हते ते. मी चुकत होते आणि ते मला सांगत होते, दुसरी रेकॉर्ड घे म्हणून कव्हरला हात घालत होते. आणि आम्ही दोन शिकलीसवरलेली मुलं त्यांना शांत करत होतो. मला इतकी लाज वाटली आणि इतका आनंद झाला की आधी काय करावं कळेना. पपांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. त्यांनी केसांवरून हात फिरवला, मग बोटाने प्लेअरकडे दाखवलं. दोन बाजू राहिल्या होत्या ना!

तर त्या बाईची खरी गोष्ट अशी. जाते. वादळात सापडते. परक्या गावात खूप एकटी राहते. आणि शेवटी, अगदी शेवटी, घरी येते. मग संथ गाणी, सगळं तसंच आहे, आणि संपतं. तीच गाणी, एकही वेगळं नाही. मी आज ती पहिल्यांदा ऐकली असंच म्हणायला पाहिजे. शेवटचा सूर गेल्यावर सुई खरखरत राहिली आणि आम्ही दोघांनीही तिला उचलायची घाई केली नाही. घरी येऊन संपतं हे मला फार बरं वाटलं.

२७ मार्च, गुरुवार

दादाला फोन. सगळं सांगितलं — बाजू एक आणि चार, दांडा, पालथा हात. शेवटी तो म्हणाला, "धप्प पडायच्या त्या. आठवतंय मला." मग स्वतःच हिशोब मांडायला लागला.

"म्हणजे रविवारी पपा बरोबर होते."

"हो."

"म्हणजे समजतं त्यांना."

"हो! तेच सांगतेय ना मी!"

"मग आपण दोघं कशाला ठरवतोय, चिमे? त्यांना विचार."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. खरंच नव्हतं. सात महिने मी त्यांच्यासाठी भांडतेय आणि विचारायचं कोणाला सुचलं तर दादाला.

असो. विचारते. त्यात काय. एकदा त्यांनीच सांगितलं की दादाचे कागद परत.

२८ मार्च, शुक्रवार

शब्दवालीला शाळेतूनच फोन केला. म्हणाली, हो-नाहीवर विसंबू नका, या आजारात मान भलतीकडे हलते. दोन फोटो समोर ठेवा, त्यांना हात ठेवू द्या. मग जागा बदलून परत, असं तीनदा विचारा. तिन्ही वेळा एकच आलं तर ते उत्तर. "आणि ताई, तुमच्या चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. ते तुमच्याकडे बघून उत्तर देतील."

घराचा फोटो मी आज काढला. खिडकी, त्यांची खुर्ची, शेजारी प्लेअर. संध्याकाळचं ऊन छान पडलं होतं, थोडं थांबून काढला. सेंटरचा दादाच्या कागदांतच होता — इमारत, फाटक. फार सपक आहे. मला बरंच वाटलं. मग स्वतःचीच लाज वाटली आणि मोबाईलमध्ये शोधून व्हरांड्याचा घेतला, पत्तेवाल्या म्हाताऱ्यांसकट, आम्ही गेलो तेव्हा दादाने काढून पाठवलेला. बरोबरीचा पाहिजे ना. नाहीतर सर शून्य देतील.

२९ मार्च, शनिवार

दोन्ही फोटो छापून आणले. विचारणार होते. पपांना जरा सर्दी वाटली, म्हणून उद्या.

मावशी म्हणाली, "सर्दी कुठाय?"

३० मार्च, रविवार

विचारलं. सकाळी, त्यांचं दूध झाल्यावर. दोन फोटो टेबलावर. आवाज सरळ, चेहरा सरळ. "पपा, कुठे राहायचं?"

व्हरांड्यावर हात ठेवला.

जागा बदलल्या. व्हरांडा.

मी म्हटलं, "पपा, नीट बघा. कायमचं. मी तिथे नसेन." ते माझ्याकडे खूप वेळ बघत राहिले. मग परत व्हरांडा.

मी चौथ्यांदा फोटो मांडायला घेतले, तर त्यांनी माझं मनगट धरलं. जोर लावून, आणि सोडेनात. त्या दिवशी व्हरांड्यात खुर्ची अडली होती, ती ब्रेकने नाही.

शेवटी मीच म्हटलं, बरं.